पालकांचं म्हणणं इतिवृत्तात यावं

शिक्षक बंधू-भगिनींनो, आणि मागच्या रांगांत बसलेल्या पालकांनो,

हे अधिवेशन कसालला भरलं, याचा मला आनंद आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता इथेच फुटतो. सकाळी शाळेच्या वेळेला त्या वळणावर थोडं थांबलं, की आपल्या शाळांबद्दल पालकांचं मत काय आहे ते दिसतं. मुलांनी भरलेल्या रिक्षा, मॅजिक गाड्या वाडीतली शाळा मागे टाकून निघालेल्या असतात. वाडीतल्या शाळेत पुस्तकं फुकट, दुपारचा आहार, फी नाही. तरी महिन्याचा ठरलेला पगार नसलेले आईबापसुद्धा गाडीभाडं भरतात.

आपण त्याला इंग्रजीचं वेड म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. इंग्रजीची ओढ आहेच, पण पालकांशी नीट बोलत बसलं की ती बरीच नंतर येते. एका आईने मला सांगितलं, "शाळा बरी आसा, बाईपण चांगली आसा. पण ती एकटीच. चार वर्ग कशी सांभाळतली?" त्या दिवशी दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेले होते. बाई पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन चौथीचा भागाकार घेत होत्या आणि मध्येच पोषण आहाराची माहिती मोबाईलवर भरत होत्या. ती आई दारात उभी राहून हे बघत होती. गुणवत्तेची याहून चोख तपासणी कुठल्या अधिकाऱ्याने केली असती?

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. कागदावर हा हिशेब ठीक आहे. पण आपल्याकडे वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, तरुण माणसं मुंबईला नाहीतर गोव्याला, त्यामुळे पट घटलेला आणि दोन शिक्षकांपुढे चार-पाच इयत्ता. त्यातला एक बाहेर गेला की शाळा एकशिक्षकी. याच कायद्याचं कलम 27 सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. ते कलम आपल्याला पाठ आहे. पालकांना ते कोणी सांगितलंय? सांगितलं असतं तर ते आपल्या बाजूने उभे राहिले असते.

दुसरी तक्रार बदल्यांची. घाटावरचा शिक्षक इथे येतो, मुलांना त्याचा लळा लागतो, त्याला मालवणी कळू लागते आणि आंतरजिल्हा बदलीने तो गावी जातो. त्याला मी दोष देत नाही, त्याचेही आईवडील तिकडे आहेत. पण रिकामी जागा वेळेत भरत नाही आणि डीएड झालेली इथली मुलं नेमणुकीसाठी आंदोलनं करत राहतात. पालक विचारतात, "पुढच्या वर्षी हेच गुरुजी असतील ना?" याचं उत्तर मुख्याध्यापकांकडेही नसतं.

अशा वेळी आपण दहावीच्या निकालाकडे बोट दाखवतो. 2012 पासून कोकण बोर्ड राज्यात पहिलं येतं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण दुसरीतल्या मुलीला वाचता येत नाही म्हणून आलेल्या आईला दहावीची टक्केवारी सांगणं म्हणजे तिचं बोलणं तोडणं.

पालकांच्या मताला कायद्याने जागा दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के पालक, निम्म्या महिला आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचं काम त्यांचं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी इतिवृत्त आधी लिहिलेलं असतं आणि वही सहीसाठी घरोघर फिरते. सभा भर दुपारी, तीही भातलावणीच्या दिवसांत. मग 'पालक उदासीन आहेत' हे वाक्य आपण कुठल्या तोंडाने म्हणतो? शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत गाव शाळेमागे उभं राहिलं, जमीन दिली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशासाठी रांग लागली. तिथलेही पालक शेतकरीच होते.

म्हणून अध्यक्ष या नात्याने एक ठराव मी स्वतःच मांडतो. व्यवस्थापन समितीची सभा संध्याकाळी, कामावरून माणसं परतल्यावर घ्यावी. आलेल्या प्रत्येक पालकाचं म्हणणं, ते मालवणीत असेल तर मालवणीतच, इतिवृत्तात उतरवावं आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावी. ठरावाला अनुमोदन मी व्यासपीठावरून मागत नाही. मागच्या रांगेतून कोणी देणार असेल, तर ध्वनिक्षेपक तिकडे न्यावा.