वाचेचे शास्त्र आणि संशोधनाची वाट



आपल्या वर्णमालेची रचनाच उच्चारस्थानांवर उभी आहे. कंठ, तालू, मूर्धा, दंत आणि ओष्ठ यांचा विचार करणाऱ्या परंपरेने 'शिक्षा' हे वेदांग मानले व सदोष उच्चारांचीही नोंद ठेवली. मात्र वाचा का बिघडते आणि ती कोणत्या उपायाने सुधारते, याचा शोध घेणारे वाक्-चिकित्साशास्त्र अर्वाचीन आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने मेंदूच्या पुढील भागातील इजेचा वाचा जाण्याशी असलेला संबंध दाखवून दिला आणि या विद्येला शास्त्रीय पाया मिळाला. भारतात १९६५ साली म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्थापन झाली. मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६६ साली या विषयाचे शिक्षण सुरू झाले. १९८३ साली वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

या शास्त्राचा बागलीशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर आपल्या घरातच आहे. पवार, होळकर, शिंदे यांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील मूल घरी मराठी, अंगणात माळवी आणि शाळेत हिंदी ऐकते. असे मूल 'शाळा' ऐवजी 'शाला' म्हणू लागले, तर तो वाचादोष समजावा की हिंदीचा संस्कार? प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. मराठीत 'चार' मधला 'च' निराळा आणि 'चोर' मधला निराळा. हिंदीत हा भेद नाही. केवळ पुण्याच्या मुलांवरून बेतलेली चाचणी या मुलास सदोष ठरवील. केवळ हिंदीची चाचणी त्याचा खरा दोष कदाचित टिपणारच नाही.

ही चूक लहान नाही. "घरात दोन-तीन भाषा आहेत, बोलेल उशिरा" असे म्हणून वडीलधारी मंडळी निश्चिंत राहतात आणि ऐकूच न येणाऱ्या बालकाची मोलाची वर्षे हातची जातात. अनेक भाषा ऐकल्याने वाचादोष जडत नाही, हे आता मान्य झाले आहे. म्हणून बोलण्यास उशीर होत असेल तर प्रथम श्रवणाची तपासणी झालीच पाहिजे.

वृद्धांचा प्रश्नही असाच आहे. पक्षाघातानंतर वाचाघात झालेल्या माणसाची कोणती भाषा आधी परत येते? रिबो याने १८८१ साली आधी शिकलेली भाषा टिकते असे मानले. पित्र याने १८९५ साली नित्य वापरातील भाषेला अग्रक्रम दिला. पुढील अनुभवात दोन्ही नियम सर्वत्र लागू पडले नाहीत. आयुष्यभर बाजारात हिंदी आणि देवघरात मराठी बोललेल्या आजोबांना उपचार कोणत्या भाषेत द्यावेत? बागली तालुक्यात कोरकू बोलणारेही आहेत. कोरकू मुंडा कुलातील, म्हणजे मराठी-हिंदीहून सर्वस्वी भिन्न. त्या रुग्णाचे काय? २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने वाचा व भाषा यांच्या दिव्यांगत्वास मान्यता दिली आहे. पण प्रमाणपत्रास परीक्षण लागते आणि परीक्षणास रुग्णाची भाषा लागते.

ही उत्तरे परदेशी ग्रंथांत तयार मिळणार नाहीत. ती संशोधनानेच मिळवावी लागतील. तेथेच आपल्या तरुणांना संधी आहे. विज्ञान शाखेतून बारावी झाल्यावर वाक् व श्रवण विषयाची, प्रशिक्षणासह चार वर्षांची पदवी, नंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आणि मग प्रवेश परीक्षेद्वारे पीएच. डी., असा हा रूढ मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे संशोधनास किमान ३ व सामान्यतः कमाल ६ वर्षे लागतात. स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत असून प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. लेकीसुनांनी शिक्षण अर्धवट सोडण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. म्हैसूरच्या संस्थेत या विषयात पीएच. डी. करता येते आणि संशोधकांसाठी छात्रवृत्तीही असते. भाषाशास्त्र व मानसशास्त्र यांच्या अभ्यासकांनाही आपापल्या विषयातून या प्रश्नांना हात घालता येईल.

माळव्यात वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याजवळ एक भांडवल आधीच आहे : मराठी, हिंदी आणि माळवी या तिन्ही भाषांना सरावलेला कान. बाहेरून आलेल्या संशोधकास तो वर्षानुवर्षे कमवावा लागेल. कुटुंबांनीही हातभार लावावा. संशोधक दारी आला तर मुलाचे बोलणे ध्वनिमुद्रित करण्यास संमती द्यावी, आजोबांच्या आजाराची हकीकत संकोच न करता सांगावी. तोतऱ्या मुलास हसणारे घर ही माहिती दडवते. त्याचे बोलणे धीराने ऐकणारे घर शास्त्रालाही मदत करते.

अभियंते आणि डॉक्टर आपल्या समाजात पुष्कळ झाले, त्याचा अभिमान आहेच. आता एखाद्या कन्येने वा पुत्राने माळव्यातील मराठी मुलांच्या उच्चारांवर प्रबंध लिहावा. त्याच्या आधारे तयार होणारी चाचणी उद्या बागलीच्या एखाद्या बालकास वेळेवर उपचार मिळवून देईल. विद्येचे याहून मोठे सार्थक कोणते?