मुलाला न विचारलेला प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यांत मारहाण, हुंडा, पोटगी, रेशन, पाणी यांवर पुष्कळ बोलणं होतं. त्या मानाने आजचा माझा विषय जरा सुखवस्तू वाटेल. पदवीधर मुलींना कंपन्या ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ म्हणून घेतात, त्या भरतीत मुलींना काय अनुभव येतात, यावर मला बोलायचं आहे. मघाशी एकीने विचारलंच, ‘‘ही शिकलेल्यांची दुखणी. आपला काय संबंध?’’

संबंध आहे. या मुली आपल्याच घरांतल्या आहेत. अंगणवाडी सेविकेची, एस.टी. कंडक्टरची मुलगी आज कर्ज काढून एम.बी.ए. करते. तिला नोकरी लागते की नाही, यावर कर्जाचा हप्ता, धाकटीचं शिक्षण आणि ‘आता स्थळं बघायला लागू’ हे वाक्य किती लांबणार, एवढं सगळं ठरतं.

ट्रेनी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. कंपनी नव्या पदवीधरांना निवडते, वर्षभर विक्री, कारखाना, हिशेब, खरेदी अशा विभागांतून फिरवते आणि मग पद देते. पुढचे मोठे अधिकारी बहुधा यांच्यातूनच होतात. म्हणजे वरच्या मजल्याकडे जाणारा जिना या दारातून सुरू होतो. दारातच मुली गळल्या, की वीस वर्षांनी कंपनी म्हणायला मोकळी : ‘‘काय करणार, वरच्या जागांसाठी बायका मिळतच नाहीत!’’

गेली काही वर्षं मी आमच्या गटातर्फे तालुक्याच्या कॉलेजांतल्या मुलींची मुलाखतीची तयारी करून घेते. त्यांच्याकडून जे ऐकलं त्यावरून सांगते. पहिली चाळणी अर्जाची. ‘दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे ६० टक्के हवेत, शिक्षणात खंड नको.’ वाचताना अट सगळ्यांना सारखी. पण आईच्या आजारपणात घर सांभाळायला वर्ष कोणी गमावलं? भावाने की बहिणीने? संगणक अर्ज परत करतो, कारण विचारत नाही.

दुसरी चाळणी गटचर्चेची. दहा जण गोल बसवतात, इंग्रजीत विषय देतात आणि वीस मिनिटं बोलायला सांगतात. एका मुलीने मला सांगितलं, ‘‘मॅडम, मी तीनदा तोंड उघडलं, तिन्ही वेळा शेजारच्या मुलाने आवाज चढवला. शेवटी माझाच मुद्दा त्याने मांडला आणि साहेबांनी मान डोलावली.’’ घरात ‘मोठ्याने बोलू नकोस’ हे वीस वर्षं शिकवायचं आणि एकविसाव्या वर्षी गप्प बसली म्हणून मार्क कापायचे, असा हा न्याय आहे.

तिसरी चाळणी मुलाखतीची. मी स्वतः १९९६ साली अशा मुलाखतीला गेले होते. टेबलापलीकडे तिघे पुरुष. हिशेबाचे प्रश्न दहा मिनिटांत आटोपले. पुढची पंधरा मिनिटं माझं लग्न कधी, नवऱ्याची बदली झाली तर काय, मूल झाल्यावर फिरतीची नोकरी जमेल का, यावर गेली. माझ्या आधी आत गेलेल्या वर्गमित्राला बाहेर आल्यावर विचारलं, तर यातलं एकही त्याला विचारलेलं नव्हतं. त्याचं लग्न ठरलेलं होतं, माझं नव्हतं! ती नोकरी मला मिळाली नाही. कदाचित तो माझ्याहून हुशार असेल. पण मला पंधरा मिनिटं कमी मिळाली, एवढं नक्की.

हा प्रश्न जुना आहे, फक्त जागा बदलत आला आहे. १९७४ साली टेल्कोने तरुण इंजिनिअर हवेत म्हणून लावलेल्या सूचनेत स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत, असं सरळ छापलं होतं. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावणं आलं आणि नोकरी मिळाली. तेव्हा भेदभाव निदान छापील होता, बोट ठेवता येत होतं.

सी. बी. मुथम्मा परराष्ट्र सेवेत गेलेल्या पहिल्या स्त्री. रुजू होताना, लग्न केलं तर राजीनामा देईन, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. पुढे बढती नाकारली तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ साली न्या. कृष्णा अय्यर यांनी या सेवेतल्या स्त्रीविरोधी नियमांवर कडक ताशेरे ओढले.

मग हा प्रश्न छापील फॉर्मात शिरला. नीरा माथुर यांची आयुर्विमा महामंडळात १९८९ मध्ये निवड झाली. लेखी परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण, सगळं पार पडलं. बाळंतपणाची रजा घेतली आणि प्रोबेशनमध्येच त्यांना काढलं. कारण काय, तर फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली. त्या फॉर्ममध्ये विचारलं होतं : पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, दिवस किती वेळा गेले! १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामावर परत घ्यायला लावलं आणि असे रकाने काढून टाकायला सांगितलं.

वाटलं, संपलं. पण ३१ डिसेंबर २०२१ ला स्टेट बँकेने परिपत्रक काढलं की नव्याने भरती होणारी स्त्री तीन महिन्यांहून जास्त गरोदर असेल तर ती ‘तात्पुरती अपात्र’; बाळंतपणानंतर चार महिन्यांच्या आत यावं. देशभर ओरड झाली, दिल्ली महिला आयोगाने नोटीस दिली आणि जानेवारी २०२२ संपायच्या आत बँकेने ते थांबवलं. नीरा माथुर निकालाला तेव्हा तीस वर्षं उलटली होती.

कंपन्या असं का करतात? त्यांना पैशाचा हिशेब दिसतो. २०१७ पासून बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ती आपण मिळवलेली आहे, चांगलीच आहे. पण विमा योजनेखाली न येणाऱ्या नोकरीत तो सगळा पगार मालकाने द्यायचा, सरकार वाटा उचलत नाही. बापाला रजा देण्याची सक्ती खाजगी कंपनीवर नाही. म्हणून मूल हा फक्त मुलगी घेतल्यावरचा खर्च ठरतो. त्या मुलाखतीतल्या साहेबांच्या घरातही मुलं असतीलच. ती सांभाळून कोणीतरी त्यांना त्या खुर्चीवर बसू दिलं, हा खर्च कुठल्या वहीत लिहिलेला नाही.

आता अवघड गोष्ट. मुली मला विचारतात, ‘‘मॅडम, लग्नाचं विचारलं तर काय सांगू?’’ खरं बोलली तर नोकरी जाते. ‘पाच वर्षं करणार नाही’ म्हणाली तर खोटं पडतं. ‘हा प्रश्न गैर आहे’ म्हणाली तर भांडकुदळ ठरते. घरी कर्जाचा हप्ता आहे. ‘तू लढ’ असं आपण तिला इथून सांगणं सोपं आहे, पण किंमत ती एकटी मोजणार. मी तिला सांगते, प्रश्न कामाकडे वळव : ‘‘या नोकरीत फिरती आणि बदली आहे हे वाचून मी अर्ज केला आहे. त्याबद्दल विचारा.’’ एवढ्याने कधी भागतं, कधी नाही. नोकरी गेली तर दोष तिचा नाही, हेही सांगते. लढायचं काम तिचं एकटीचं नाही, आपलं आहे.

कायदा आपल्या बाजूला आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यात भरतीतही भेदभाव करू नये असं होतं. आज तेच २०१९ च्या वेतन संहितेच्या कलम ३ मध्ये आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नोकरीत नसलेल्या बाईलाही लागू होतो. म्हणजे मुलाखतीला गेलेल्या मुलीशी कोणी अश्लील बोललं, तर ती तीन महिन्यांच्या आत त्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करू शकते. ट्रेनीला तर हा कायदा नावानिशी लागू आहे.

पण बंद खोलीत काय विचारलं, याचा पुरावा कुठे? म्हणून माझ्या तीन सूचना आहेत.

एक, प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. मुलाखतीहून आलेल्या मुलीने त्याच दिवशी तारीख घालून सगळे प्रश्न लिहावेत. जमलं तर सोबतच्या मुलांनाही त्यांचे प्रश्न विचारावेत. एका मुलीची कुरकुर वाऱ्यावर जाते. वीस मुलींची वही टेबलावर ठेवता येते.

दोन, कंपन्या कॉलेजांत भरतीला येतात तेव्हा प्राचार्यांना आणि प्लेसमेंटच्या प्राध्यापकांना आपण भेटावं. लग्न, गरोदरपण, वडिलांची परवानगी हे प्रश्न विचारणार नाही, असं येणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्यायला सांगावं. कॉलेजला पुढच्या वर्षी त्याच कंपनीला बोलवायचं असतं, म्हणून ते कचरतील. तेव्हा वही दाखवावी.

तीन, मुलींना उलट प्रश्न विचारायला शिकवू या. प्रशिक्षण किती महिन्यांचं? बॉण्ड किती रकमेचा? सही करण्यापूर्वी तो वाचा. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेचा २ लाखांचा बॉण्ड वैध ठरवला आहे. फिरतीवर राहण्याची सोय काय? पाळणाघर आहे का? अंतर्गत समितीवर कोण आहे? मागच्या तुकडीतल्या किती मुली आज टिकून आहेत?

आपल्यापैकी बहुतेकींना अशी मुलाखत द्यावी लागली नाही, पुढेही लागणार नाही. पण गावातून पहाटेच्या गाडीने पुण्याला निघालेल्या मुलीबरोबर आपल्यातली एक तरी जाऊ शकते. ती आत असेल तेव्हा बाहेर बाकावर बसू शकते, आणि ती बाहेर आली की पहिल्यांदा ‘झालं का सिलेक्शन?’ न विचारता ‘काय काय विचारलं?’ असं विचारून वही पुढे करू शकते. आजच्या मेळाव्यातून प्रत्येक तालुक्याने अशा दोघींची नावं द्यावीत, एवढंच माझं मागणं आहे.