किनाऱ्यावर राहिलेली माणसं



शेक्सपिअरच्या शोकांतिका मराठीत येऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 मध्ये 'ऑथेल्लो' मराठीत आणलं. गोपाळ गणेश आगरकरांनी 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 'हॅम्लेट' भाषांतराला घेतलं. ते 'विकारविलसित' या नावानं 1883 मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्ही नाटकांत नायक जहाजात चढतो आणि उतरतो तेव्हा त्याचं नशीब पालटलेलं असतं. गंमत अशी, की हा प्रवास रंगमंचावर दिसतच नाही. तो आपल्याला पात्रांच्या तोंडून कळतो.

ऑथेल्लो व्हेनिसहून सायप्रसला तुर्कांशी लढायला निघतो. वादळात तुर्की आरमाराची वाताहत होते, लढाई होतच नाही. सेनापतीच्या हाताला काम उरत नाही. व्हेनिसमध्ये दोन्ही बाजू ऐकून निवाडा करणारी सभा होती. बेटावर कान भरणारा इयागो आहे. आणि डेस्डेमोनाला जहाजातून सांभाळून आणण्याचं काम ऑथेल्लोनं त्याच्यावरच सोपवलेलं असतं!

हॅम्लेटचं उलटं. इतका वेळ घुटमळणारा हा राजपुत्र इंग्लंडच्या वाटेवर रात्री काकाचं पत्र फोडतो. आत त्याच्याच शिरच्छेदाचा हुकूम! तो दुसरं पत्र लिहितो, वडिलांच्या मुद्रेची मोहोर उठवतो आणि सोबतच्या दोन बालमित्रांना मरणाकडे धाडतो. पुढे चाच्यांच्या हाती लागून परततो, तो मरणाची तयारी ठेवूनच.

मला मात्र अस्वस्थ करते ती ओफेलिया. समुद्रावर गेलेला वाचला आणि घरी राहिलेली ओढ्यात बुडाली.

कोकणातली कितीतरी मुस्लिम घरं जहाजांवरच्या नोकरीवर जगली. माझे आजोबाही खलाशी. आजी म्हणायची, पत्रातली खुशाली महिन्यापूर्वीची. आजची कोण सांगणार? मुंबईहून हजला बोटी जात, त्या 1995 पर्यंत. निघण्यापूर्वी माणूस उसनंपासनं फेडायचा, दारोदार जाऊन माफी मागायचा. आज आमच्या मोरिवलीतून आखातात जाणारा मुलगा विमानानं जातो, उतरल्या उतरल्या फोन करतो. तरी निघताना 'काही चुकलं असेल तर माफ करा' असं शेजाऱ्यांना सांगूनच उंबरा ओलांडतो.

हॅम्लेटही माफी मागतो, पण परतल्यावर, आणि तीही ओफेलियाच्या भावाची. तिची मागायची राहूनच जाते.