घराची गळती : पाणी शिरते कोठे आणि ठिबकते कोठे



मृग सरून आर्द्रा लागल्या, की बेळगाव-खानापूरकडील घरांतून माजघरात बादल्या आणि पातेली मांडली जातात. थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचे कौल बदलावयाचे, ही आपली नेहमीची रीत. कौल बदलले जाते, मजुरी दिली जाते आणि पुढच्या सरीला थेंब पुन्हा त्याच जागी हजर होतो. मग बोल लागतो तो शाकारणी करणाऱ्याला. वास्तविक चूक हाताची नसते, निदानाची असते. पाणी जेथे ठिबकते, तेथे ते बहुधा शिरलेले नसतेच.

आत आलेले पाणी प्रथम रिपेवर उतरते, तेथून वाशाला लागते आणि वाशाच्या खालच्या अंगाला चिकटून उताराने वाहते. वाटेत एखादी गाठ, खिळा किंवा तुळई आडवी आली, म्हणजे तेथे थेंब सुटतो. म्हणून शोध थेंबापासून आढ्याच्या दिशेने, चढाचढाने करावयाचा असतो.

त्याआधी एक प्रश्न स्वतःस विचारावा : हे पाणी पावसाचेच आहे काय? उघडिपीतही ठिबकत असेल, तर नळ तपासावा. जमिनीलगत दोन-तीन फूट चढलेली आणि उन्हाळ्यातही न हटणारी ओल पायातून येते. तिला छप्पर जबाबदार नाही. वाऱ्याची झड असतानाच गळत असेल, तर पश्चिमेकडील भिंतीच्या भेगा आणि खिडक्यांच्या चौकटी पाहाव्यात.

छप्परच दोषी ठरले, तर थेंबाच्या जागी खडूने खूण करून दोन भिंतींपासूनचे अंतर मोजून ठेवावे. माळ्यावर भर दुपारी अंधार करून पाहिल्यास फुटक्या कौलातून कवडसा दिसतो आणि वाशावरील काळसर ओघळ वाट दाखवितो. मात्र कौल अखंड असूनही गळू शकते. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास कारखाना काढला, तेव्हापासून परिचित झालेली ही कौले एकमेकांच्या खाचांत बसतात. खाचेत शेवाळ अथवा पालापाचोळा अडकला, की तुंबलेले पाणी कडेवरून आत येते. दोन पाखी मिळतात तेथील पन्हळ आणि आढ्यावरील कोन्यांचा चुना यांकडेही अवश्य पाहावे.

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास उघडिपीच्या दिवशी पाणी ओतून परीक्षा घ्यावी. एकाने शिडीवरून ओतावे, दुसऱ्याने आत पाहावे. प्रारंभ वळचणीकडून करावा. एका जागी दहा-पंधरा मिनिटे थांबून मगच वर सरकावे. वरून आरंभ केला, तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही. ओल्या कौलांवर पाऊल मात्र ठेवू नये.

गच्चीच्या घरात हीच लबाडी पाणी वेगळ्या रीतीने करते. पंख्याच्या कडीतून ठिबकते, म्हणून कडीवर गिलावा थापला जातो. पण काँक्रीटमध्ये पुरलेल्या तारांच्या नळीतून पाणी दुरूनही आलेले असते. अशा वेळी प्रथम त्या खोलीची वीज बंद करावी. नंतर गच्चीचे कठडे, कोपरे आणि पाणी जाण्याची मोरी तपासावी.

हा खटाटोप केवळ भिंतीवरच्या डागासाठी नव्हे. वाशाचे टोक भिंतीत जेथे रुतलेले असते, तेथे ओल मुरून लाकूड आतून कुजते आणि मातीच्या भिंतीचा जोर जातो. ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसाने भिजलेले घर कोसळून सात जण दगावले. भिंत फुगली, दार अकस्मात अडकू लागले किंवा माती सुटू लागली, तर गळतीचा शोध बाजूला ठेवून माणसे आधी बाहेर काढावीत.

एरवी मात्र पैसा कौलांवर खर्च करण्यापूर्वी एक दुपार शोधावर खर्च करावी. पाण्याची वाट सापडली, म्हणजे दुरुस्ती पुष्कळदा एका कौलाची आणि मूठभर चुन्याचीच असते.