यंत्रांचा आवाज : मोजावा कसा, तोलावा कसा?

संगणक किंवा प्रिंटर विकत घेतांना गिऱ्हाईक किंमत पाहतें, वेग पाहतें, छपाईची सुबकता पाहतें. आवाजाची चौकशी मात्र राहून जाते; कारण दुकानाच्या गलबल्यांत यंत्राचा स्वतःचा आवाज ऐकूंच येत नाहीं. पुढें तें घरीं येतें, रात्र होते. एकाच खोलींत आजोबांना झोंप हवी असते, मुलीला परीक्षेचा अभ्यास करावयाचा असतो, आणि मग पंख्याची घरघर व कागद ओढण्याची खडखड जाणवूं लागते. ही जाणीव खरेदीपूर्वींच होणें शक्य आहे काय, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम आवाजाचें मूळ पाहूं. संगणकांत तो मुख्यतः थंडावा राखणाऱ्या पंख्यांतून येतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारें १५ डेसिबेलांनीं उतरतो. म्हणूनच सावकाश फिरणारा मोठा पंखा जलद फिरणाऱ्या लहान पंख्यापेक्षां बहुधा शांत असतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांत बारीक सुया शाईच्या फितीवर आपटतात. त्यामुळें त्याचा कर्कशपणा कार्यालयांत प्रसिद्धच आहे. शाई फवारणाऱ्या आणि लेसर प्रिंटरांत हा आघात नाहीं. तेथें उरतो तो चक्रांचा, कागदाचा आणि पंख्याचा आवाज.

या आवाजाचें माप म्हणजे डेसिबेल. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल (१८४७–१९२२) यांच्या नांवावरून ‘बेल’ हें माप पडलें. त्याचा दहावा भाग तो डेसिबेल. याचें गणित वाण्याच्या हिशेबासारखें नाहीं. ५० डेसिबेलांचीं दोन यंत्रें एकत्र चालविलीं तर आवाज १०० होत नाहीं, सुमारें ५३ होतो. दहा डेसिबेल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दहापट होते. कानाला मात्र तो आवाज साधारणपणें दुप्पट वाटतो.

येथेंच गिऱ्हाईक फसतें. एका यंत्राच्या कागदावर ६.३ बेल, म्हणजे ६३ डेसिबेल, असा आंकडा असतो. दुसऱ्याच्या कागदावर ५५ असतो. दुसरें अधिक शांत, असें कोणीही म्हणेल. परंतु पहिला आंकडा यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या एकंदर ध्वनिशक्तीचा असूं शकेल, आणि दुसरा विशिष्ट जागीं कानावर येणाऱ्या ध्वनिदाबाचा. दिव्याची शक्ति तीच राहते, पण पुस्तक दूर नेलें कीं त्यावरील उजेड कमी होतो. तसेंच हें आहे. मोकळ्या जागीं कठीण जमिनीवर ठेवलेल्या यंत्राचा दाब एक मीटरवर शक्तीच्या आंकड्याहून सुमारें ८ डेसिबेलांनीं कमी भरतो. म्हणजे ६३ आणि ५५ हीं दोन्ही यंत्रें बरोबरीचीं असूं शकतात!

हा घोटाळा टळावा म्हणून १९८८ सालीं आयएसओ ७७७९ हें आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झालें. यंत्र रिकामें असतांना आणि काम करीत असतांना असें दोन वेळां मोजमाप घ्यावें, असें तें सांगतें. शिवाय त्यांत दोन माणसांची आठवण ठेवलेली आहे. एक, यंत्रासमोर बसून काम करणारा. त्याच्यासाठीं मायक्रोफोन सामान्यतः यंत्रापासून २५ सेंटिमीटरांवर आणि जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर असतो. दुसरा, एक मीटर अंतरावर नुसता उभा असलेला.

घरीं तुलना करावयाची झाल्यास अंतर, खोली आणि काम हीं तिन्ही सारखीं ठेवावीं. प्रथम यंत्र बंद ठेवून खोलीचाच आवाज मोजावा. यंत्र चालू केल्यावर आंकडा निदान दहा डेसिबेलांनीं वाढला, तरच तो बव्हंशीं यंत्राचा समजावा. तीनच वाढला, तर त्यांतील निम्मी शक्ति खोलीची आहे. मोबाइलवरील मापकाचा आंकडा प्रमाण मानूं नये. मात्र त्याच मापकानें घेतलेल्या दोन मापांतील फरक मार्गदर्शक होऊं शकतो. शेवटीं कानालाही विचारावें. कारण एकसारखी मंद घरघर आणि मधूनमधून होणारा खटका यांचा आंकडा एक असला तरी त्रास एक नसतो.

विकत घेणारा आपल्या यंत्राचा आवाज सहज सोसतो, कारण काम त्याचें होत असतें. पलीकडे झोंपलेल्याच्या वांट्याला मात्र काम येत नाहीं, केवळ आवाज येतो. म्हणून यंत्राच्या कागदावर ‘किती डेसिबेल’ एवढेंच वाचून थांबूं नये. ‘किती अंतरावर, कोणत्या कामाच्या वेळीं, आणि कोणाच्या कानापाशीं’ हेंही विचारावें. त्या उत्तरांतच घरांतील शांततेची खरी किंमत कळते.