वेंडी नुसती किंचाळत नाही
(मंडळाच्या चित्रपट-गप्पांच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)

भयपटातली नायिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी साडी, मेणबत्ती आणि एक किंकाळी येते. आज मात्र मी एका अमेरिकन बाईची बाजू मांडायला उभा आहे.

स्टॅन्ली कुब्रिकचा 'द शायनिंग' १९८० साली आला. हिवाळ्यात बंद असलेलं डोंगरातलं हॉटेल राखायला एक कुटुंब जातं आणि नवऱ्याचं डोकं फिरतं. नवरा झालेला जॅक निकल्सन सगळ्यांच्या लक्षात राहिला. बायको वेंडी झालेल्या शेली डुव्हालला मात्र वर्षातली सर्वांत वाईट अभिनेत्री म्हणून 'रॅझी'चं नामांकन मिळालं! मूळ कादंबरीकार स्टीफन किंगनेही पुढे तक्रार केली, की ही वेंडी म्हणजे नुसता आरडाओरडा.

आता तोच सिनेमा पुन्हा बघा. नोकरी नवऱ्याची, पण तळघरात बॉयलर बघायला जाते ती वेंडी. स्वयंपाक तिचा, पोराचं सगळं तिच्याकडे, वायरलेसवरून बोलणंही तीच करते. साहेब टाइपरायटरसमोर! (आमच्या आयटीत याला प्रॉडक्शन सपोर्ट म्हणतात. सिस्टिम चालू आहे तोवर त्या माणसाचं नावही कुणाला ठाऊक नसतं.) नवरा अंगावर येतो तेव्हा ती रडत, मागे मागे जिना चढत बॅट फिरवते. आधी त्याच्या हातावर मारते, मग डोक्यावर. त्याला फरफटत नेऊन कोठीत कोंडते. पुढे मुलाला बाथरूमच्या खिडकीतून बाहेर काढते, स्वतः तिथून मावत नसताना. आणि शेवटी त्याला घेऊन सुटते.

घाबरलेली बाई घाबरलेली दिसली, यात अभिनय वाईट कुठे झाला? हातात बंदूक घेतलेली रिप्ली सगळ्यांना पटली. 'एलियन्स'साठी (१९८६) सिगर्नी वीव्हरला ऑस्करचं नामांकन मिळालं. मिळायलाच हवं होतं. पण नाक पुसत लढणारीचं काय?

रॅझीवाल्यांनी २०२२ मध्ये ते नामांकन मागे घेतलं. कारण काय दिलं? तर कुब्रिकच्या वागणुकीचा तिच्या कामावर परिणाम झाला होता. म्हणजे काम वाईटच, पण बिचारीचा दोष नाही! ही कसली भरपाई? कीव आहे ती.

जुलै २०२४ मध्ये शेली डुव्हाल गेली. या हिवाळ्यात 'शायनिंग' लावाल तेव्हा जिन्याच्या प्रसंगात जॅककडे लक्ष देऊ नका. फक्त तिचे हात बघा.