क्लच हवा धरतो तेव्हा



शिरूरहून न्हावरेमार्गे दौंड तालुक्यातील चौफुल्याकडे जाताना, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे मोटार रांगत राहते आणि क्लच वारंवार दाबावा लागतो.

अशा वेळी पेडल मऊ लागले किंवा रिव्हर्स टाकताना खरखर झाली, तर दोष क्लच प्लेटचाच असतो असे नाही. आधी ब्रेक ऑइल पाहावे.

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलजवळचा मास्टर सिलिंडर हे ऑइल ढकलतो, त्या दाबाने गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर सरकतो आणि इंजिन गिअरबॉक्सपासून सुटते.

ऑइल दबत नाही, हवा दबते. म्हणून नळीत हवा शिरली की पेडल खाली जाते, पण क्लच सुटत नाही.

पेडल भराभर मारल्यावर गिअर पडला, तर बहुधा हवा धरली आहे.

पेडल दाबून धरले असता हळूहळू बसत गेले आणि बाहेर कोठेही ओल नसली, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर झिजल्याचा संशय घ्यावा.

पुन्हा सांगायचे तर, आधी ऑइल, मग प्लेट.

अनेक मोटारींत क्लच आणि ब्रेकसाठी ऑइलचा डबा एकच असतो, त्यामुळे पातळी उतरली असल्यास ब्रेकही तपासणे भाग आहे. त्यात इंजिन ऑइल मुळीच ओतू नये; रबरे फुगून दोन्ही यंत्रणा बिघडतात.

हवा काढताना एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने स्लेव्ह सिलिंडरवरचे निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यावेत, आणि निपल आवळल्यावरच पेडल सोडावे.

काही मोटारींत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या कवचातच असतो. तो गळत असेल, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि त्याच वेळी प्लेटही पाहून घेणे शहाणपणाचे.